आधी चूल, मग वाट : सातूची कुळकथा

धान्य वाटेवर न्यायला सोयीचं. वजनाच्या मानानं पोट चांगलं भरतं, लवकर नासत नाही, सांडलं तर वेचून घेता येतं. अडचण एकच, ते कच्चं खाता येत नाही. रांधायला चूल हवी, भांडं हवं, सरपण हवं आणि टेकायला निवांत वेळ हवा. बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर चालणाऱ्याला, गुरांमागे रानात गेलेल्याला किंवा मुलूखगिरीवर निघालेल्या शिपायाला यातलं काही हाताशी नसायचं. भात बांधून न्यावा तर तो दुसऱ्या दिवशी आंबतो. भाकरी दोन दिवसांत एक तर वाळून कडक होते, नाहीतर तिला बुरशी धरते.

यावर माणसानं जो तोडगा काढला तो इतका साधा आहे की त्यातली बुद्धी आपल्या लक्षातच येत नाही. चुलीचं काम घरून निघण्याआधीच उरकायचं. धान्य भाजायचं, दळायचं, पीठ पिशवीत भरायचं आणि चालू लागायचं. वाटेत लागतं ते फक्त पाणी. ओंजळभर पिठात पाणी घालून कालवलं की जेवण तयार. या पिठाला संस्कृतात सक्तु म्हणत, हिंदी मुलखात सत्तू म्हणतात आणि आपण सातूचं पीठ म्हणतो.

आज धावपळीच्या माणसासाठी दुकानांत मांडलेले एनर्जी बार, प्रोटीनचे डबे, ओट्सच्या वड्या हे सगळं याच घराण्यातलं आहे. वेष्टण नवं, नाव नवं. युक्ती जुनीच, की आग आधी आणि भूक नंतर. या घराण्याचा मूळपुरुष आपल्याकडे अजून हयात आहे, फडताळातल्या डब्यात आहे, आणि त्याची कुळकथा आपल्याला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सातूची गोष्ट भट्टीपासून सुरू करावी लागते. धान्य तव्यावर भाजलं तर खालचा दाणा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. म्हणून भडभुंजा कढईत वाळू तापवतो. वाळू चांगली तापली, दोनशे अंशांच्या वर गेली, की त्यात दाणे टाकायचे. वाळूचा कण न् कण तापलेला असतो आणि प्रत्येक दाण्याला तो सगळीकडून भिडतो. दाण्यातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि त्या वाफेवर दाण्यातलं पिष्ट शिजतं. म्हणजे बाहेरून थेंबभर पाणी न घालता दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजून निघतो. मग चाळणीनं वाळू खाली आणि दाणे वर. हे सगळं एका मिनिटाच्या आसपास उरकतं. एक झारा उशिरा फिरला तर घाणा करपला म्हणून समजा. हरभऱ्याला जास्त खटाटोप लागतो. आधी हलकी भाजणी, मग पाण्याचा हबका मारून काही काळ झाकून ठेवणं, मग पुन्हा तापलेल्या वाळूत. तेव्हा कुठे तो फुटतो, साल सुटतं, आणि चोळून पाखडला की पिवळं खुसखुशीत डाळं हाती येतं. महाराष्ट्रातल्या किराणा दुकानांत ते पंढरपुरी डाळं म्हणून मिळतं.

भाजण्यानं तीन कामं होतात. दाण्यातलं पाणी इतकं कमी होतं की बुरशीला थारा राहत नाही. कच्च्या पिठाला काही आठवड्यांत खवट करणारी जी विकरं दाण्यातच असतात, ती उष्णतेनं निकामी होतात. आणि हरभऱ्यासारख्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनाला आडकाठी करणारे जे घटक असतात, त्यांचा जोर बराच ओसरतो. शिवाय खरपूस वास येतो. तो वास ही पाक साधल्याची खूण. ज्यानं पहिल्यांदा हे केलं त्याला यातलं रसायन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण परिणाम त्याच्या जिभेला आणि पोटाला कळला होता.

हे पहिलं धान्य बहुधा जव. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसानं जी पिकं घेतली, त्यांत जव अगदी आघाडीवर होता. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या नवपाषाणयुगीन वस्तीत सापडलेल्या धान्यांत त्याचाच भरणा आहे. जव गव्हापेक्षा सोशिक. कमी पाण्यावर येतो, खारवट जमीन सोसतो, लवकर हाती लागतो. मात्र त्याची भाकरी-पोळी गव्हासारखी होत नाही, चिकटपणा कमी पडतो. भाजून पीठ करण्यासाठी मात्र तो उत्तम. आपल्याकडे जव या धान्यालाच लोक सातू म्हणू लागले, इतकं त्या दोघांचं नातं घट्ट आहे.

आणि हे धान्य महाराष्ट्राला परकं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात मोठं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामामुळे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं एक आख्खं शेतकरी गाव उजेडात आलं. त्या गावाचं मुख्य पीक जव होतं. बाजरी-ज्वारीचा मानला जाणारा हा मुलूख तीन हजार वर्षांपूर्वी जवावर जगत होता, हे वाचल्यावर घोड नदीकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. तिथल्या चुलींवर सातू होत असे असा थेट पुरावा काही मिळालेला नाही. पण घरात जव आहे, चूल आहे आणि गुरं चारायला दूर जायचं आहे, तर दाणे भाजायची युक्ती त्या गावाला अनोळखी असेल असं मला तरी वाटत नाही.

थेट पुरावा मिळाला तो राजस्थानात. अनुपगढजवळच्या बिंजोर या हडप्पाकालीन स्थळी २०१४ ते २०१७ या काळात उत्खनन झालं, तेव्हा सारख्या आकाराचे सात तपकिरी गोळे सापडले. लखनऊच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास करून २०२१ साली निष्कर्ष मांडले. गोळे सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीचे. त्यांत जव, गहू, हरभरा आणि तेलबिया. म्हणजे हे लाडू होते! शेजारी बैलांच्या दोन मूर्ती आणि तांब्याचं एक हत्यार ठेवलेलं होतं, म्हणून ते देवाला किंवा पितरांना वाहिलेले असावेत असं अभ्यासकांना वाटतं. माझं लक्ष त्यातल्या जोडणीवर जातं. धान्याबरोबर डाळ, आणि जोडीला तेलबी. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, ती धान्य पुरवतं. तेलबीतून स्निग्धांश येतो. आजच्या कुठल्याही पौष्टिक वडीचा आराखडा यापलीकडे फारसा गेलेला नाही, आणि देवाला द्यायचं ते घरातलं चांगल्यात चांगलं, हा नियम तेव्हाही असणारच.

वैदिक वाङ्मयात तर भाजलेल्या जवाची रेलचेल आहे. नुसते भाजलेले दाणे ते धाना. भाताच्या लाह्या त्या लाजा, ज्या आजही आपल्या लग्नात लाजाहोमाच्या वेळी वधूच्या ओंजळीतून अग्नीत पडतात. भाजून दळलेलं पीठ ते सक्तु. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला एक कवी, शहाणी माणसं वाणी कशी निवडून घेतात हे सांगताना चाळणीतून सातू चाळण्याचा दाखला देतो. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकानं घरात ती चाळण पाहिलेली असल्याशिवाय असा दाखला कोणी देत नाही. दह्यात कालवलेल्या जवाच्या पिठाला करंभ म्हणत, आणि हा करंभ कोणाचा नैवेद्य? पूषाचा. पूषा हा वाटांचा देव. हरवलेली गुरं शोधून देणारा, प्रवाशाला चोर-लांडग्यांपासून सांभाळणारा, बोकड जुंपलेल्या रथातून फिरणारा. ब्राह्मणग्रंथ म्हणतात की त्याला दात नव्हते, म्हणून त्याला पीठ द्यायचं. कारण काहीही सांगितलेलं असो, रस्त्याच्या देवाला रस्त्यावरचंच अन्न नेमून दिलं होतं, यात त्या काळच्या प्रवाशांचा अनुभव बोलतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत समासात ‘उदक’ या शब्दाचं ‘उद’ कधी होतं हे सांगणारं एक सूत्र आहे. त्यात मंथ, ओदन आणि सक्तु हे शब्द येतात. उदसक्तु म्हणजे पाण्यात कालवलेला सातू. व्याकरणाच्या नियमात जागा मिळावी इतकं ते पेय लोकांच्या तोंडी होतं.

पण माझ्या मते या कुळकथेतला सर्वांत देखणा प्रसंग बौद्ध विनयपिटकात आहे. ज्ञानप्राप्तीनंतरचे काही आठवडे बुद्ध उरुवेलेजवळ झाडांखाली बसून होते. त्याच सुमाराला तपुस्स आणि भल्लिक नावाचे दोन व्यापारी उक्कलहून त्या वाटेनं चालले होते. उक्कल म्हणजे बहुतेकांच्या मते आजचा ओडिशा. नंतरच्या कथांत त्यांच्या तांड्यात पाचशे गाड्या होत्या असं येतं. त्यांनी बुद्धांना जे दिलं ते त्यांच्या शिदोरीतलं होतं, मंथ आणि मधुपिंडिका. मंथ म्हणजे सातूचं कालवण, मधुपिंडिका म्हणजे मधात वळलेले गोळे. बुद्धांकडे पात्रही नव्हतं. कथा सांगते की चार दिक्पालांनी दगडी पात्रं आणून दिली. ज्ञानप्राप्तीनंतरचं बुद्धांचं पहिलं अन्न राजवाड्यातून आलं नाही आणि कुठल्या घरच्या चुलीवरूनही आलं नाही. ते गाडीवानांच्या पिशवीतून आलं. आणि ते दोघं पहिले उपासक ठरले.

महाभारतात सातूला याहून मोठा मान आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात पार पडला, दानांचे ढीग लागले, आणि तिथे एक मुंगूस आलं. त्याचं अर्धं अंग सोन्याचं. ते म्हणालं, हा सगळा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या ब्राह्मणाच्या प्रस्थभर (प्रस्थ हे जुनं माप) सातूची बरोबरी करू शकत नाही. तो ब्राह्मण शेतात पडलेले दाणे वेचून जगणारा. दुष्काळात कसाबसा प्रस्थभर जव मिळाला, घरच्यांनी त्याचा सातू केला, चौघांत वाटला आणि पहिला घास घेणार तोच दारात अतिथी आला. आधी ब्राह्मणानं आपला वाटा दिला, मग बायकोनं, मग मुलानं, मग सुनेनं. त्या सांडलेल्या कणांत लोळल्यानं मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं होतं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होतं, आणि युधिष्ठिराच्या यज्ञातही ते झालं नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथानं दानाचं परिमाण म्हणून सोनं-नाणं न घेता भाजक्या जवाचं पीठ घेतलं. ते गरिबाचं, मोजूनमापून वाटायचं अन्न होतं, म्हणूनच ते माप ठरलं.

वैद्यांचंही त्याच्याकडे बारीक लक्ष होतं. चरकसंहितेत सातूचे नियम आहेत. नुसता कोरडा खाऊ नये, रात्री खाऊ नये, जेवणावर खाऊ नये, फार खाऊ नये, मध्ये मध्ये पाणी पीत खाऊ नये. पाण्यात कालवून प्यायलेला सातू मात्र लगेच तृप्ती आणि बळ देतो असं चरक म्हणतो. कोरड्या पिठाचा तोबरा भरून ज्याला ठसका लागला आहे, त्याला या नियमांचं वेगळं स्पष्टीकरण नको.

हीच युक्ती जगात ठिकठिकाणी सुचली, आणि जिथे सुचली तिथे ती चालणाऱ्या माणसाच्याच कमरेला बांधलेली दिसते. तिबेटात जवाचा त्सांपा लोण्याच्या चहात बोटांनी मळून खातात. पठारावर तीन हजार मीटरच्या वर माणसं बारमाही राहू लागली ती सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीपासून, आणि त्याला मोठा आधार मिळाला थंडी सोसणाऱ्या जवाचा, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरचे मूळ रहिवासी भाजक्या जवाच्या पिठाला गोफियो म्हणत आणि करडाच्या कातड्याच्या पिशवीत ते मळून घेत. पंधराव्या शतकात स्पॅनिशांनी बेटं जिंकली, मूळ भाषा लोपल्या, गोफियो मात्र आजही तिथल्या न्याहारीत आहे. इथिओपियात बेसो, मेक्सिकोत भाजक्या मक्याचं पिनोले. डोंगरदऱ्यांतून अफाट अंतरं धावणारे रारामुरी लोक पिनोले पाण्यात घोळून पितात.

उत्तर अमेरिकेत रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकानं १६४३ साली नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की आपण त्यांच्यातल्या जवळजवळ दोनशे जणांबरोबर जंगलातून शंभरेक मैल चाललो. प्रत्येकाच्या पाठीवर भाजक्या मक्याच्या पिठाची छोटी टोपली होती, कोणाकोणाच्या कमरेला पोकळ चामडी पट्ट्यात ते भरलेलं होतं, आणि तेवढं पीठ एका माणसाला तीन-चार दिवस पुरे. ना सामानाच्या गाड्या, ना मुदपाकखाना. ज्या सैन्याला स्वयंपाकासाठी थांबावं लागत नाही त्याची चाल किती वाढत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. पहिल्या बाजीरावाविषयीची आख्यायिकाही हेच सांगते. निजामानं त्याचं चित्र काढायला चितारी पाठवला, तर चितारी जे चित्र घेऊन आला त्यात पेशवा घोड्यावर बसून, चालता चालता, कणसं हातावर चोळून दाणे तोंडात टाकत होता.

या अन्नाची मर्यादाही युद्धातच दिसली. १९५०-५१ मध्ये कोरियात लढणाऱ्या चिनी सैनिकांना चूल पेटवता येत नव्हती, कारण धूर दिसला की वरून विमानांचा मारा होई. त्यांना कापडी नळ्यांत भरून भाजकं पीठ देण्यात आलं. खांद्यावर नळी, आणि पाण्याऐवजी मूठभर बर्फ. सैन्य उभं राहिलं, पण महिनोन्‌महिने तेवढंच खाल्ल्यानं जीवनसत्त्वं कमी पडून अनेकांना रातांधळेपणा आला. सातू वाटेवर तगवतो. रोजच्या ताटाची जागा तो घेऊ शकत नाही, आणि कोणी घ्यायला सांगत असेल तर ऐकू नये.

आपल्याकडे परत येऊ. काळाच्या ओघात उत्तरेत जवाची जागा हरभऱ्यानं घेतली. गव्हाला पाणी आणि भाव मिळाला तसा जवाचा पेरा आटला, विशेषतः हरितक्रांतीनंतर, आणि उरलेल्या जवातला बराच दारूच्या माल्टकडे वळला. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात सत्तू म्हणजे आता मुख्यतः चण्याचा. शेतमजूर तो गमछ्यात बांधून नेतो, मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि पाणी घालून तिथेच मळतो आणि गोळे करून खातो. वैशाखाच्या तोंडाशी मेष संक्रांतीला तिथे सतुआन साजरा होतो, नव्या सातूचा सण. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मारवाडी घरांत भाद्रपदात सातूडी तीज असते, तेव्हा तूप-साखर घातलेल्या सातूच्या मुदी पाडतात. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर आलेला बिहारी कामगार आपल्या पेटीत सत्तू घेऊन येतो, आणि त्याच्यामुळे इथल्या वाण्याकडेही ते पुडके दिसू लागले आहेत.

मराठी घरातलं सातूचं पीठ थोडं वेगळं. त्यात गहू मोठा भागीदार. गहू ओलसर करून उखळात कांडायचे, कोंडा पाखडायचा, वाळवून खमंग भाजायचे, त्यात डाळं मिसळायचं, असतील तर जव, आणि वासाला सुंठ-वेलदोडा किंवा जिरं. दळून डब्यात भरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या चार वाजताच्या भुकेची सोय झाली. गूळ पाण्यात किंवा दुधात विरघळवायचा, त्यात पीठ कालवायचं, वरून तुपाची धार. मेतकूट आणि थालिपीठाची भाजणी ही याचीच भावंडं. मेतकूट तसंच खाता येतं. भाजणीला पुन्हा तव्यावर जावं लागतं, म्हणून ती प्रवासाला उतरत नाही.

न दळलेला सातू म्हणजे फुटाणे, चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या. पंढरपूरहून येणाऱ्या प्रसादाच्या पुडीत चुरमुरे, डाळं आणि बत्तासे असतात. घरी पोचेपर्यंत चार दिवस गेले तरी त्या पुडीला काही होत नाही. नागपंचमीला लाह्या, यात्रेत फुटाणे, शाळेच्या वाटेवर गूळ-फुटाणे. गूळ-शेंगदाणे आपल्याला अनादि वाटतात, पण भुईमूग हा दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेला पाहुणा. डाळं-गुळाची जोडी त्याच्याहून फार जुनी आहे.

हे सगळं करणारे हात भडभुंज्यांचे, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी भोई समाजाचे. पावसाळ्यात नदीवर मासेमारी आणि एरवी भट्टी, असा अनेक कुटुंबांचा क्रम होता. ऐन उन्हाळ्यात तापलेल्या वाळूसमोर बसायचं, धूर खायचा, डोळे जाळायचे, आणि विकायचं ते बाजारातलं सर्वांत स्वस्त खाणं. इतिहासात त्यांची नोंद फारशी नाही. वैद्यांची नावं राहिली, राजांची राहिली, व्यापाऱ्यांचीही राहिली. पण दाणा नेमका कुठल्या क्षणी वाळूतून काढायचा हे ज्ञान ज्यांनी शतकानुशतकं हातातून हातात दिलं, त्यांना श्रेय देताना आपण कमी पडलो, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

विसाव्या शतकात या घराण्याला दोन फुटवे आले. एक हैदराबादला. तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण ठरवलं, ते हैदराबाद मिक्स म्हणून बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभरा डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एवढ्या ८६ ग्रॅममधून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं मिळतात. कुठलीही आई घरी करू शकेल, शीतपेटी लागणार नाही, आयात काही नाही. बिंजोरच्या लाडवातलं धान्य, डाळ आणि तेलबी इथे जशीच्या तशी पुन्हा भेटतात.

दुसरा फुटवा कॅलिफोर्नियातला. ब्रायन मॅक्सवेल हा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू १९८३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एकविसाव्या मैलाच्या सुमाराला गळून गेला. स्नायूंतली साखर संपली होती. बर्कलीत परतल्यावर त्यानं, पुढे त्याची पत्नी झालेल्या जेनिफर बिडल्फच्या साथीनं, स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले आणि १९८६ मध्ये पॉवरबार बाजारात आणला. २००० साली नेस्ले कंपनीनं तो धंदा ३७.५ कोटी डॉलरना विकत घेतला. मॅक्सवेलची गरज खरी होती आणि त्याचं काम प्रामाणिक होतं. धावता धावता तोंडात टाकता येणारी, पाण्यावाचून उतरणारी वडी ही शर्यतीत सोयीचीच. पण त्यानंतर त्या नावाखाली जे शेकडो प्रकार आले, त्यातले बरेच साखरेचे सरबत घट्ट करून केलेले आहेत. मॅरेथॉन न धावणारा माणूस ते कचेरीतल्या खुर्चीत बसून खातो, तेव्हा तो मिठाईच खात असतो. वेष्टणावरचा धावपटू पाहण्याऐवजी मागची बारीक अक्षरं वाचावीत. पहिल्या तीन घटकांत साखर किंवा कुठलाही पाक असेल तर ती वडी परत ठेवावी.

चण्याच्या तीस ग्रॅम सातूत सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि भरपूर तंतू मिळतो. जवातला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पोटातून साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो, म्हणून जव घातलेला सातू पोटाला बराच वेळ आधार देतो. सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्याला, व्यायामशाळेतून थेट कामावर जाणाऱ्याला, गड चढणाऱ्याला, दिवसभर दुचाकीवर माल पोचवणाऱ्याला याहून सोपं काही नाही.

करून बघायचं असेल तर दोन वाट्या गहू, एक वाटी जव आणि दोन वाट्या डाळं घ्या. गहू आणि जव वेगवेगळे, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजा. डाळं नुसतं गरम करा, ते आधीच भाजलेलं असतं. पूर्ण गार झाल्यावर बारीक दळा, नाहीतर वाफ डब्यात कोंडते आणि पीठ बिघडतं. चिमूटभर मीठ आणि भाजक्या जिऱ्याची पूड घाला. झाकणाच्या कोरड्या डब्यात ते महिनाभर चांगलं राहतं. प्रवासाला नेताना गूळ वेगळा ठेवा आणि शेंगदाणे आयत्या वेळी मिसळा, त्यातलं तेल लवकर खवट होतं. लहान मुलांना कोरडं पीठ देऊ नका, कालवूनच द्या. आणि डाळं घेताना अती पिवळंधमक घेऊ नका, त्याला रंग लावलेला असू शकतो. गावात अजून एखादी भट्टी पेटत असेल तर तिथेच जा. डाळं आज भाजलेलं आहे का, हे त्या भट्टीवाल्याला विचारून घ्या, आणि तो सांगेल तो भाव घासाघीस न करता द्या.